जंगलातल्या ‘हरित वसाहती’चे घर नेमके कितीला पडते?

अलीकडे नागपूर-पुण्यातल्या आपल्या शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या तरुणांमध्ये एक कल्पना मूळ धरू लागली आहे. चंद्रपूर किंवा गडचिरोलीत जंगलालगत दहा-पंधरा एकर शेती घ्यायची, समविचारी पंधरा-वीस कुटुंबांनी मिळून माती आणि बांबूची घरे बांधायची. सोलर, विषमुक्त धान, एक वाचनालय, ध्यानासाठी एक सभागृह. प्रत्येक कुटुंबाने सुरुवातीला एकरकमी काही लाख भरायचे. आम्ही या दोन जिल्ह्यांत घरकुल आणि वनहक्काच्या दाव्यांचे काम करतो, म्हणून हे मित्र आम्हाला फोन करून विचारतात की एका घराला खर्च किती येईल. सिमेंटचे स्वस्त पडेल की मातीचे?

प्रश्न सरळ आहे. पण घराच्या खर्चात जमीन धरायची की नाही, बायकांची मेहनत धरायची की नाही, आणि ज्याच्याकडे एकरकमी भरायला काहीच नाही त्याचे काय करायचे, हे ठरवल्याशिवाय आम्ही आकडा सांगत नाही. बरेच मित्र यावर वैतागतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. जातीच्या गावातून उठून आपल्या मर्जीने नवी वस्ती वसवणे ही कल्पना परदेशातून किंवा पाँडिचेरीवरून आलेली नाही. ती आपल्या चळवळीची जुनी मागणी आहे. जुलै 1942 मध्ये नागपूरला जी अखिल भारतीय परिषद भरली आणि जिथे शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा जन्म झाला, तिथे अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावे वसवण्याचा ठराव झाला. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी ती मागणी कलमांच्या भाषेत मांडली. सरकारच्या मालकीची पडीक जमीन अनुसूचित जातींच्या वसाहतींसाठी विश्वस्त म्हणून सांभाळणारा एक सेटलमेंट कमिशन, आणि त्यासाठी केंद्र सरकारने दरवर्षी द्यायचे 5 कोटी रुपये. म्हणजे वसाहतीच्या खर्चाचा पहिला हिशेब बाबासाहेबांनीच मांडलेला आहे, आणि त्या हिशेबात खर्चाचा बोजा राज्यावर आहे. जो बेघर आहे त्याच्याकडून प्रवेशशुल्क घ्यायची सोय त्यात कुठेही नाही.

पुढच्याच वर्षी, 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत, भारतीय खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी काय सुनावले ते आपल्या वाचकांना सांगायला नको. खेडे सुंदर आहे म्हणणाऱ्याला ते विचारत होते की तू गावात कोणत्या बाजूला राहतोस. आजच्या हरित वसाहतीलाही हाच प्रश्न लागू आहे.

आता घराकडे येऊ, कारण मित्रांना तेच ऐकायचे असते.

झाडीपट्टीतले जुने घर म्हणजे बांबूचा कूड, त्यावर माती-शेणाचा लेप, सागाचे किंवा येनाचे खांब, वर कवेलू, पुढे सपरी. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरचा पारा 46-47 वर जातो तेव्हा या घरात माणूस दुपारी झोपू शकतो. टिनाच्या पत्र्याखाली किंवा पातळ स्लॅबखाली ते शक्य नाही. तेवढ्यापुरते पर्यावरणवाल्यांचे म्हणणे खरे आहे, ते आम्ही मान्य करतो. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने 1976 पासून मातीच्या घरांवर, शंकूच्या आकाराच्या कवेलूंच्या कमानी छतावर केलेले काम डोळसपणे बघण्यासारखे आहे. लोखंड आणि लाकूड जवळपास न वापरता छत उभे राहते, ही गरीब माणसाच्या फायद्याची गोष्ट आहे.

पण मातीचे घर ‘स्वस्त’ म्हणतात तेव्हा हिशेबातून काय गळते ते बघा. दर आठवड्याचे सारवण, पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरणे, ओल आलेली भिंत पुन्हा लिंपणे, वाळवीने खाल्लेला बांबू बदलणे. यातले बहुतेक काम बाई करते आणि त्याची मजुरी कुणी धरत नाही. शहरातला मित्र वीकेंडला येऊन हौसेने माती तुडवेल, फोटो काढेल. श्रावणात भिंत खचली की कोण बोलावले जाईल? शेजारच्या गावातली मजूर बाई. तीच बाई आपल्या घरकुलाच्या यादीत चार वर्षांपासून नंबर लागायची वाट बघत असते आणि तिला सिमेंटचेच घर हवे असते. तिचे चुकते असे आम्हाला वाटत नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी गावाबाहेर कुडाच्या झोपड्यांत आयुष्य काढले, त्यांच्यासाठी विटांची भिंत आणि स्लॅब म्हणजे मान आहे, दाराला कडी आहे, पोरीला आत बसून अभ्यास करता येणे आहे. एसीच्या फ्लॅटमध्ये राहून तिला मातीचे सौंदर्य शिकवू नये.

आणि जंगलाच्या कडेला आणखी एक हिशेब असतो, तो शहरातल्या आराखड्यात येत नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या पट्ट्यात वाघाच्या हल्ल्यात माणसे जातात. इथे घरालगतचे शौचालय, अंगणातला दिवा आणि गुरांच्या गोठ्याला पक्के दार ही चैन नाही. घर कितीही ‘हरित’ असो, रात्री बाईला डबा घेऊन झुडपात जावे लागत असेल तर ते घर अपुरे आहे. म्हणून आम्ही सांगतो, वसाहतीच्या पैशातला पहिला वाटा शौचालय, पाणी आणि उजेडाला द्या. सभागृह नंतर बांधा.

सरकारी आकडे असे आहेत. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) साध्या भागात 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ-नक्षलग्रस्त भागात 1 लाख 30 हजार देते. घर किमान 25 चौरस मीटर, म्हणजे साधारण 269 चौरस फूट. रोजगार हमीतून 90 ते 95 दिवसांची मजुरी वेगळी, शौचालयाचे 12 हजार वेगळे. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे. आमच्या हाताखालून गेलेल्या ग्रामीण मंजुऱ्या साध्या भागात 1 लाख 32 हजार आणि नक्षलग्रस्त-डोंगराळ भागात 1 लाख 42 हजार या दराच्या होत्या. या पैशात घर पूर्ण होत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. लोक बचत गटाचे कर्ज काढतात, तेंदूपत्त्याची मजुरी घालतात, आणि तरीही दारे-खिडक्या दोन-दोन वर्षे बसत नाहीत. स्थानिक साहित्य वापरायला योजनेत बंदी नाही, उलट प्रोत्साहन आहे. पण हप्ता जोत्याच्या, भिंतीच्या, छताच्या फोटोवर सुटतो, आणि बांबू-मातीची भिंत ‘पक्की’ धरली जाईल की नाही या भीतीने कुणी धोका घेत नाही. सुधारलेल्या मातीच्या घराचा नमुना घरकुलाच्या यंत्रणेत बसवून दाखवणे, हे हरित वसाहतवाल्या इंजिनिअर मित्रांनी करण्यासारखे काम आहे. त्याचा उपयोग पंधरा कुटुंबांपुरता राहणार नाही.

अर्थात घर हा खर्चातला लहान भाग आहे. मोठा भाग जमिनीचा. हरित वसाहतीचे राजकारण तिथेच आहे.

जमीन कोणाच्या नावावर असेल यावरून अशा वसाहतींचे प्रकार पडतात. ऑरोविल 1968 मध्ये सुरू झाले, 1988 च्या कायद्याने तिथली मालमत्ता एका फाउंडेशनकडे गेली. तिथे राहणाऱ्याने घरासाठी पैसे घातले तरी घर त्याच्या मालकीचे होत नाही, विकता येत नाही. खाजगी मालकीचा लोभ सुटावा म्हणून ही व्यवस्था आहे असे म्हणतात. ठीक आहे. पण ज्याच्याकडे परत जायला दुसरे घर आहे त्यालाच असा त्याग परवडतो. आसपासच्या तमिळ खेड्यांतली माणसे तिथे वर्षानुवर्षे मजुरीला जातात, हेही विसरू नये.

आपल्या जिल्ह्यातले उदाहरण आनंदवनाचे. 1951 च्या सुमारास वरोऱ्याजवळच्या माळावर कुष्ठरोग्यांना घेऊन ही वसाहत उभी राहिली. समाजाने हाकलून दिलेल्या माणसांनी स्वतःच्या कष्टाने गाव उभे करणे, याचे मोल आपल्याला कळायला हवे, कारण हाकलले जाणे म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. तिथे प्रवेशाचे शुल्क नव्हते, उलट जो सगळीकडून नाकारला गेला त्याचीच जागा होती. पण जमीन आणि घरे संस्थेची आहेत. संस्था चांगली चालते तोवर राहणारा सुरक्षित. विश्वस्त बदलले, धोरण बदलले, तर राहणाऱ्याच्या हातात कायद्याचा कोणता कागद आहे? हा प्रश्न कुणा एका संस्थेवर आरोप नाही. ट्रस्टच्या जमिनीवरच्या प्रत्येक वसाहतीला तो विचारायला हवा, आपल्या मित्रांच्या प्रस्तावालासुद्धा. त्यांच्यापैकी बहुतेकांनी ट्रस्टच करायचे ठरवले आहे, कारण रजिस्ट्रेशन सोपे आहे.

तिसरे उदाहरण धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाचे. शंभरेक घरांचे गोंड गाव. 2009 मध्ये देशात सर्वात आधी सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांपैकी एक, सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर. 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेला द्यायला केंद्रीय मंत्री गावात आले. 2013 मध्ये गावाने ग्रामदान कायद्याखाली आपली खाजगी शेतीही ग्रामसभेच्या नावे करायचे ठरवले. ‘इको-व्हिलेज’ बघायला परदेशात जाण्याची गरज नाही, असे आम्ही यासाठीच म्हणतो. इथे कुणी एकरकमी भरून सभासद झालेले नाही.

मात्र मेंढा जसेच्या तसे उचलून आपल्याला चालणार नाही, आणि हे सर्वोदयी मित्रांना आवडत नाही. मेंढ्यात निर्णय सर्वसहमतीने होतात. एका समाजाचे, जातीची उतरंड नसलेले गाव आहे, म्हणून ते जमते. जिथे कुणबी, तेली, बौद्ध, ढिवर, गोंड एकत्र राहतात आणि बौद्धांची दहा-बारा घरे आहेत, तिथे सर्वसहमती म्हणजे ज्याच्याकडे जमीन त्याचे मत. गप्प बसलेल्याला होकार धरले जाते. आमच्या कामाच्या एका गावात सर्वसहमतीनेच घरकुलाची जागा नाल्याच्या बाजूला ठरली होती. बाबासाहेबांनी हक्क लिखित मागितले ते याच अनुभवातून.

उरला जमीन विकत घेण्याचा मार्ग. शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आपल्यातल्या बहुतेकांच्या घरात सातबाराच नाही, म्हणून हा कायदाच आपल्याला पहिल्या पायरीवर अडवतो. मग कुणा शेतकरी मित्राच्या नावावर घेऊ, असे सुचवले जाते. ते करू नका. उद्या त्याच्या मुलांनी दावा सांगितला तर वसाहत गेली. आणि आदिवासींची जमीन स्वस्तात मिळते म्हणून कुलमुखत्यारपत्रावर घेण्याचा विचारही नको. महसूल कायद्यातले 36 आणि 36-अ हे कलम आदिवासींना लुटीपासून वाचवायला आहे. एका वंचिताच्या घरासाठी दुसऱ्या वंचिताचे शेत काढून घेणारी वसाहत कितीही बुद्धमूर्ती बसवल्या तरी धम्माची होत नाही.

ताडोब्याच्या भोवती काय चालले आहे ते आठवा. व्याघ्र प्रकल्पातून गाव उठवताना कुटुंबाला 2008 पासून 10 लाख आणि नंतर 15 लाख असा मोबदला ठरला. बोटेझरी, नवेगाव, जामणी इथली माणसे उठली. त्याच जंगलाच्या दारात मातीचा रंग दिलेल्या भिंती आणि गवताचे छत असलेली रिसॉर्ट उभी राहिली, ज्यांच्या काही खोल्यांचे एका रात्रीचे भाडे मजुराच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त आहे. मातीच्या घरात जन्मलेला बाहेर गेला आणि मातीच्या घराची हौस असलेला आत आला. आपल्या मित्रांची वसाहत या दुसऱ्या रांगेत उभी राहू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

मग करायचे काय? आमच्या मते बाबासाहेबांच्या मागणीचे तुकडे आजही सरकारी योजनांत पडलेले आहेत, ते जोडायचे आहेत. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना 2004 पासून आहे. भूमिहीन, दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला 4 एकर जिरायत किंवा 2 एकर बागायत. 2018 पासून 100 टक्के अनुदान, जिरायतीला एकरी 5 लाख आणि बागायतीला 8 लाखांपर्यंत. विधवा आणि परित्यक्ता महिलांना प्राधान्य. ज्या दादासाहेबांनी 1959 आणि 1964 मध्ये भूमिहीनांसाठी सत्याग्रह उभारला, लाखो माणसे तुरुंगात गेली, त्यांच्या नावाची ही योजना फाइलींत धूळ खाते, कारण या दरात चांगली जमीन विकायला कुणी तयार नसतो, आणि तयार असला तर खडकाळ, वादग्रस्त जमीन दाखवतो. मिळाली तरी एका कुटुंबाला इथे, दुसऱ्याला तिथे. एकटे बौद्ध कुटुंब चार एकरांत पाटलाच्या बांधाला लागून किती दिवस टिकणार?

हिशेब करून बघा. दहा भूमिहीन कुटुंबे, प्रत्येकी 4 एकर जिरायत, एकरी 5 लाख. 40 एकरांचे 2 कोटी. त्यावर दहा रमाई घरकुले, 1 लाख 42 हजारांप्रमाणे 14 लाख 20 हजार. म्हणजे सरकारच्या स्वतःच्याच निकषांत दहा कुटुंबांच्या सलग वसाहतीसाठी 2 कोटी 14 लाखांची तरतूद तत्त्वतः आहे. अडचण पैशाची नाही. सलग जमीन घ्यायची आणि तिच्यातच गावठाणाचा तुकडा काढून घरे बांधायची, अशी सोय आज नाही. ती मागायची आहे. योजनेची जमीन विकता येत नाही, हे इथे वरदानच ठरेल. सातबारा बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर, आणि पाणी, बोडी, सोलर, भाताची गिरणी यासाठी सहकारी संस्था. घर आणि शेत कुटुंबाचे, बाकी सामाईक. ट्रस्ट नको.

वनजमिनीवर आधीच राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आणि जास्त तातडीचा आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात आदिवासींना 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. इतर पारंपरिक वननिवासींना, म्हणजे आपल्या जबरानजोतवाल्या बौद्ध शेतकऱ्यांनाही, त्या तारखेआधीच्या तीन पिढ्यांचा, 75 वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. म्हणजे 1930 चा पुरावा. 1930 हे काळाराम मंदिर सत्याग्रहाचे वर्ष. ज्यांना त्या वर्षी देवळाच्या दारात उभे राहू देत नव्हते, त्यांच्या नावाने जंगलातल्या जमिनीचा कागद कोण करून ठेवणार होते? कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांची साक्ष पुरावा म्हणून चालते, पण फाइलीत कागदच मागितला जातो. जिवती तालुक्यात मराठवाड्यातून पोटासाठी आलेली कुटुंबे दोन पिढ्या राबूनही पट्ट्याविना आहेत. या लोकांची घरे मातीचीच आहेत, बांबूचीच आहेत, वीज जेमतेम वापरतात. त्यांना कुणी इको-व्हिलेज म्हणत नाही, अतिक्रमण म्हणतात.

वसाहत झालीच, तर तिचे नियम आधी लिहा. संडासाची टाकी कोण उपसणार, याचे उत्तर ‘बाहेरचा माणूस’ असेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. स्वयंपाकाची पाळी पुरुषांना आहे का? घटस्फोट झाला तर घर कुणाकडे राहते? कुणाला निघून जायचे असेल तर त्याची गुंतवणूक किती दिवसांत, कोणत्या दराने परत मिळते? हे विचारले की आमचे मित्र म्हणतात, आपण सगळे आंबेडकरवादी, इतका अविश्वास कशाला. संविधान लिहिणाऱ्याच्या अनुयायांनी लिखित नियमाला अविश्वास म्हणावे, याची गंमत वाटते.

ज्यांनी एकरकमी पैसे बाजूला ठेवले आहेत त्यांना आमची सूचना आहे. एखाद्या तालुक्यातली सबळीकरणाची प्रलंबित प्रकरणे माहितीच्या अधिकारात काढा. सलग जमीन विकायला तयार असलेले शेतकरी शोधा, कारण समाजकल्याण कार्यालय ते काम करत नाही. दहा भूमिहीन कुटुंबांचा गट बांधा, त्यात किमान चार एकट्या बायका असू द्या. मोजणीची फी, वकिलाचा खर्च, पहिल्या रोवणीपर्यंतचे धान्य, सुधारलेल्या मातीच्या घराचा एक नमुना, यावर तुमचा पैसा लावा. तुम्हाला तिथे राहायचेच असेल तर अकरावे घर भाड्याने घ्या, दहा कुटुंबांच्या संस्थेकडून, त्यांनी ठरवलेल्या भाड्याने.

येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभांपूर्वी मूल आणि सिंदेवाही तालुक्यांतली अशी प्रकरणे गोळा करायला आम्ही सुरुवात करत आहोत. जातीचा दाखला, भूमिहीन असल्याचा तलाठ्याचा दाखला आणि दारिद्र्यरेषेचा क्रमांक, एवढे कागद असलेल्या कुटुंबांची नावे आमच्यापर्यंत पोहोचवा.